मराठी चटण्यांची नावे आणि त्यांतील अन्नविचार

आहारविषयक पाहणीसाठी खेड्यात गेलेल्या अभ्यासकाने ‘काल रात्रीच्या जेवणात काय होते?’ असा प्रश्न केला आणि ‘चटणी-भाकरी’ असे उत्तर मिळाले, तर त्याच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. भाकरीविषयी फारसा संशय राहत नाही. ती ज्वारीची की बाजरीची एवढे विचारले म्हणजे भागते. परंतु ‘चटणी’ या शब्दाने कोणता पदार्थ समजावा? सोलापुराकडे ती बहुधा शेंगदाण्याची असेल, समुद्रपट्टीत ओल्या नारळाची असेल, आणि कोल्हापूर-सांगलीकडे तर वर्षाच्या बेगमीचे मिरचीचे मसालेदार तिखट हेच ‘चटणी’ या नावाने ओळखले जाते. या तिन्ही पदार्थांत तिखटपणाखेरीज फारच थोडे समान आहे. एकात प्रथिने भरपूर आहेत, दुसऱ्यात मुख्यत्वे स्निग्धांश आहे, तिसरा अन्न म्हणून जवळजवळ नगण्य आहे. एका शब्दाखाली तिन्हींची नोंद झाली, तर पुढील सर्व गणित चुकावयाचेच.

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या घडणीचा, महाराष्ट्रातील तिखट चटण्यांच्या नावांचा आणि त्या नावांमागील अन्नद्रव्यांचा एकत्र विचार केला आहे. या नावांत स्वयंपाकघरातील अनुभव बऱ्याच काटेकोरपणे साठविलेला आहे आणि ‘चटणी’ हे सर्वसमावेशक नाव तो झाकून टाकते, हे त्यातून दिसून येईल.

१. ‘चटणी’ शब्दाची घडण

‘चटणी’ हा शब्द ‘चाटणे’ या क्रियापदाच्या कुळातील आहे, याविषयी दुमत नाही. चाटून खावयाचा तो पदार्थ म्हणजे चटणी. भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य आणि पेय अशी अन्नाची जी जुनी वर्गवारी आहे, तीत चटणीचे स्थान लेह्य वर्गात पडते. मात्र शब्दाचे रूप बारकाईने पाहिले असता एक अडचण जाणवते. मराठीत धातूला ‘-णी’ प्रत्यय लागताना मूळचा दीर्घ ‘आ’ बहुधा कायम राहतो. चाळणे-चाळणी, गाळणे-गाळणी, कापणे-कापणी, लावणे-लावणी ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. या नियमाने ‘चाटणे’ यापासून ‘चाटणी’ असे रूप अपेक्षित होते. हिंदीत मात्र ‘काटना’पासून ‘कटनी’, ‘छानना’पासून ‘छननी’ अशी ऱ्हस्वीकरणाची प्रवृत्ती आहे आणि ‘चाटना’पासून ‘चटनी’ हे रूप तिला धरून आहे. यावरून हा शब्द मराठीत हिंदुस्थानीच्या संपर्कातून आला असावा आणि येथे ‘न’चा ‘ण’ झाला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. इंग्रजीनेही हाच शब्द उचलला. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे.

हे अनुमान ग्राह्य धरल्यास एक गोष्ट उलगडते. पदार्थ कसा खातात एवढेच ‘चटणी’ हा शब्द सांगतो. पदार्थ कशाचा आहे आणि कसा केला, हे तो सांगत नाही. ते काम करणारे शब्द मराठीत वेगळे आहेत आणि ते अस्सल देशी धातूंपासून घडलेले आहेत.

२. मिरी, मिरची आणि तिखट

त्या शब्दांकडे वळण्यापूर्वी तिखटपणाच्या शब्दसंपत्तीचा थोडा विचार आवश्यक आहे. आज मिरचीवाचून चटणीची कल्पना करवत नाही. पण मिरची ही अमेरिका खंडाची वनस्पती होय. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तत्पूर्वी येथील तिखटपणा मिरी, पिंपळी, आले आणि मोहरी यांच्यावर अवलंबून होता. आयुर्वेदातील ‘त्रिकटु’ म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. त्यात मिरचीचा समावेश असण्याचा प्रश्नच नव्हता.

भाषेने या नवागताला जुन्या मिरीच्या घरात जागा दिली. संस्कृत ‘मरिच’ शब्दातील स्वरमध्यस्थ ‘च’ प्राकृतात लोप पावला आणि त्या वाटेने मराठीत ‘मिरी’ व ‘मिरे’ ही रूपे आली. ‘मिरची’ या शब्दात तो ‘च’ टिकून आहे, म्हणजे हे रूप वारशाच्या ध्वनिनियमांना धरून आलेले नाही. अशा रीतीने एकाच मुळाची दोन रूपे दोन भिन्न वनस्पतींना वाटून दिली गेली. कोकणीतील ‘मिरसांग’ हा शब्दही मिरीचीच आठवण ठेवतो. कन्नडात ‘मेणसिनकायि’ आणि तमिळमध्ये ‘मिळगाय्’ म्हणताना मिरीचे फळ हाच अर्थ अभिप्रेत असतो. नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या आधाराने नाव देण्याची ही प्रवृत्ती दक्षिणोत्तर सारखीच दिसते.

संस्कृतात ‘कटु’ म्हणजे झोंबणारा, तिखट. मराठीत त्याच शब्दाचा ‘कडू’ झाला आणि अर्थ पालटला. रिकाम्या झालेल्या जागी ‘तीक्ष्ण’ शब्दापासून निघालेला ‘तिखट’ हा शब्द आला. पुढे मिरचीचा प्रसार इतका झाला की, हे विशेषण मिरचीच्या पुडीचे नाम होऊन बसले. जेथे वर्षाच्या मिरचीपुडीला ‘चटणी’ म्हणतात, तेथे ‘तिखट’ शब्दाची ही जागा ‘चटणी’ने घेतली आहे, एवढाच भेद.

तिखट ही खरोखर चव नव्हे. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरील रुचिकलिकांऐवजी उष्णता व वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंवर काम करते. ज्या ग्राहकामुळे हे घडते, त्याचा शोध डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये लागला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात या संशोधनाचा गौरव झाला. सुमारे ४३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेने जो ग्राहक चेतवला जातो, तोच कॅप्सायसिननेही चेतवला जातो. मराठी मनुष्य तिखट खाल्ल्यावर ‘तोंडाची आग झाली’, ‘तोंड पोळले’ असे म्हणतो, तेव्हा तो केवळ अलंकारिक बोलत नसतो.

३. फोडण्याच्या क्रिया आणि पदार्थांची नावे

चटण्यांची देशी नावे पाहिली असता ती क्रियांवरून पडलेली आहेत, हे सहज ध्यानात येते. ‘ठेचणे’ यापासून ‘ठेचा’ झाला. भाजलेली किंवा तेलावर परतलेली हिरवी मिरची, लसूण आणि मीठ खलबत्त्यात वा दगडावर आघात देऊन फोडावयाची, ती सरसरीत होऊ द्यावयाची नाही. ‘खर्डा’ या शब्दाचे नाते ‘खरडणे’ या धातूशी दिसते. तो पुष्कळदा तव्यावरच वाटीच्या किंवा तांब्याच्या बुडाने रगडून करतात. लेखनाच्या कच्च्या मसुद्यालाही ‘खर्डा’च म्हणतात. ओबडधोबडपणा हा दोन्ही अर्थांतील समान धर्म होय. ‘कुटणे’ यापासून ‘कूट’ झाला. दाण्याचे कूट आणि मेथीच्या नावाने ओळखले जाणारे मेतकूट ही त्याची उदाहरणे. ‘वाटणे’ या क्रियेत पाणी लागते आणि पाटा-वरवंटा लागतो. तिचे फळ म्हणजे ‘वाटण’. चैत्रातील वाटली डाळ तर क्रियेचे नाव उघडपणे मिरविते. ‘भरडणे’ जात्यावर, ‘कांडणे’ उखळात, ‘खलणे’ खलात. यांतील प्रत्येक धातूला त्याचे साधन ठरलेले आहे.

ही नावे केवळ शब्दांची हौस म्हणून निर्माण झालेली नाहीत. पदार्थ कसा फोडला यावर त्याचे गुण अवलंबून असतात. लसणीचे उदाहरण या दृष्टीने पुरेसे बोलके आहे. अखंड पाकळीला उग्र वास नसतो. पाकळी चेचली की पेशी फुटून अलिइन हे द्रव्य आणि अलिइनेज हे विकर एकमेकांस भेटतात व त्यांच्यापासून अलिसिन तयार होते. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून कच्ची ठेचलेली लसूण आणि अखंड भाजून मग रगडलेली लसूण यांच्या चवीत व द्रव्यांत भेद पडतो. शेंगदाणा किंवा तीळ कुटताना दाब व घर्षण यांमुळे तेल सुटते आणि चटणीचा गोळा होऊ लागतो. सोलापुरी पद्धतीची शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात, ती याच कारणासाठी. हे सुटलेले तेल तिखटाला आपल्यात विरघळवून घेते, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. ठेच्यावर कच्चे तेल घालण्याची किंवा सोबत दही घेण्याची रीतही याच रसायनाशी जुळते.

आज घरोघरी विजेचे यंत्र आले आहे आणि वर्षाचे तिखट कांडपयंत्रावर कुटून मिळते. त्यामुळे श्रम वाचले, आणि हे श्रम प्राधान्याने स्त्रियांचे होते, हे विसरून चालणार नाही. जुन्या साधनांविषयी हळहळ व्यक्त करण्याचे प्रयोजन नाही. भाषिक परिणाम मात्र नोंदविला पाहिजे. ठेचणे, कुटणे, वाटणे, भरडणे या चारांच्या जागी ‘मिक्सरमधून काढणे’ किंवा ‘फिरवणे’ एवढी एकच क्रिया उरते. यंत्राचे पाते पदार्थ कापते, दगड तो चिरडतो. हा भेद दाखविणारा शब्द लोपला की कृती सांगणाऱ्यालाही तो भेद सांगता येत नाही.

४. पोषणाचा हिशेब

पोषणाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील तिखट चटण्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग तेलबियांच्या कोरड्या चटण्यांचा. शेंगदाणा, तीळ, कारळे (खुरासणी), जवस आणि सुके खोबरे ही त्यांची मुख्य द्रव्ये. शेंगदाण्यात सुमारे एकचतुर्थांश भाग प्रथिने आणि दोनपंचमांशाहून अधिक स्निग्धांश असतो. २५ ग्रॅम दाणे ज्या चटणीत पडले, तीतून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि १३० ते १४० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. न सोललेल्या तिळांत कॅल्शियम विपुल असते. १० ग्रॅम तिळांत ते १०० मिलिग्रॅमहून अधिक भरते. मात्र तिळाच्या टरफलात ऑक्झलेटही असल्याने ते सर्वच्या सर्व शरीरात शोषले जात नाही, आणि सोललेल्या पांढऱ्या तिळांत मुळात कॅल्शियमच बरेच कमी असते. जवसात अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल असते. जवस भाजून घेण्याच्या रिवाजामुळे त्यातील सायनाइडजनक द्रव्यांचे प्रमाण घटते. सुक्या खोबऱ्यात स्निग्धांश पुष्कळ, पण प्रथिने बेताचीच.

दुसरा वर्ग ओल्या चटण्यांचा. नारळ, कोथिंबीर, पुदिना, कैरी, कढीलिंब, डाळे यांच्या वाटणातून त्या होतात. ओला नारळ ऊर्जा देतो, प्रथिने फारशी देत नाही. ती उणीव त्यात घातलेल्या डाळ्याने काही अंशी भरून निघते. हिरव्या पाल्यातून कॅरोटीन मिळते आणि नारळाच्या स्निग्धांशामुळे त्याच्या शोषणास मदत होते. या चटण्यांत पाण्याचा अंश मोठा असल्याने त्या फार तर दिवसभर टिकतात.

तिसरा वर्ग ठेचा, खर्डा आणि निव्वळ तिखट-मीठ यांचा. १० ग्रॅम हिरव्या मिरचीतून पाच किलोकॅलरीही मिळत नाहीत. जमेची बाजू म्हणजे क जीवनसत्त्व. ताज्या हिरव्या मिरचीत ते १०० ग्रॅमला सुमारे १०० मिलिग्रॅम असते. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी हंगेरीतील सेगेद येथे हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले, ते पॅप्रिका या मिरचीच्याच जातीतून, आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी त्यांना मिळाले त्यात या कार्याचा अंतर्भाव होता. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाच्या शोषणास साहाय्य करते. म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबर ताज्या मिरचीचा ठेचा आणि वर लिंबू पिळणे, ही जोडी निरर्थक नाही. मात्र भाजल्याने या जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो, आणि वाळविलेल्या मिरचीत ते फारसे उरत नाही. वाळल्या मिरचीत रंगद्रव्य आणि कॅरोटीन यांचा बराच भाग मात्र शिल्लक राहतो.

ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल अपुरे असते. शेंगदाणा आणि तीळ यांतही ते कमीच आहे. तेव्हा शेंगाचटणीने भाकरीची प्रथिने वाढतात, पण त्यांचा दर्जा त्या मानाने सुधारत नाही. दर्जा सुधारावयाचा तर डाळ हवी, कारण डाळींत लायसिन भरपूर असते. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो आणि ती ठेच्याबरोबर खातात. येथे डाळीचे काम भाकरीने उचललेले असल्यामुळे तोंडी लावावयास केवळ ठेचा असला तरी चालते. मेतकुटात तांदळाबरोबर डाळी भाजून दळलेल्या असतात. वाटल्या डाळीत हरभऱ्याची डाळ आणि कैरी एकत्र येतात. मिरची-मिठाबरोबर साधी ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या ताटात मात्र ही भरपाई कोठूनच होत नाही.

५. स्वयंपाकातील स्थान

चटणी ही केवळ तोंडी लावण्यापुरती नसते. कारळ्याची किंवा दाण्याची चटणी भरल्या वांग्यांच्या सारणात जाते. लसूण-खोबऱ्याच्या सुक्या चटणीवाचून वडापाव पुरा होत नाही. ठेचा भरितात मिसळतो, दह्यात कालविला की सौम्य होतो. कोल्हापूरकडील ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण मसाला हा तर रश्श्याचा पायाच होय. दोडक्याच्या शिरा सहसा टाकल्या जावयाच्या, पण तिळाबरोबर परतून त्यांचीही चटणी होते. प्रवासाच्या शिदोरीत कोरडी चटणी बांधण्याचे कारण तिच्यात पाणी नसते, हे आहे. पाणी नाही तेथे जंतूंची वाढ होत नाही. तरी तेलबियांची चटणी फार दिवस ठेविल्यास तेल हवेशी संयोग पावून खवट होते. जवसाची तर लवकरच होते. म्हणून ती थोडी थोडी करून ठेवणे बरे. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून टाकलेच पाहिजेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक असे विष असण्याचा संभव असतो. मिठाचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे, आणि भाजी-आमटी नसलेल्या ताटात ठेच्याचे मीठ नकळत ही मर्यादा गाठू शकते.

६. नोंद कशी घ्यावी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळता येईल. ‘चटणी-भाकरी’ हा मराठीत साध्या जीवनाचा पर्याय होऊन बसलेला शब्दप्रयोग आहे. ‘चटणी-भाकरी खाऊन राहू’ असे म्हणताना त्यात समाधानही असते आणि दैन्यही असते. या दोहोंपैकी प्रत्यक्षात काय आहे, हे चटणी कोणती यावर ठरते. २५ ग्रॅम दाण्यांची चटणी आणि दोन मिरच्यांचा ठेचा यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिनांचे अंतर आहे. शेतमजुराच्या किंवा वाढत्या मुलाच्या दिवसभराच्या आहारात हे अंतर लहान नव्हे. नोंदवहीत दोन्हींसमोर एकच शब्द लिहिला, तर ज्याला अन्न मिळाले तो आणि ज्याला केवळ तिखट मिळाले तो, असे दोघेही एकाच रकान्यात बसतात.

यास्तव बोलींची पाहणी करणाऱ्याने आणि आहाराची पाहणी करणाऱ्यानेही ‘चटणी’ या उत्तराशी न थांबता पुढे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. चटणी कशाची? ती ठेचली, कुटली की वाटली? आणि ती किती दिवसांची? पहिल्या प्रश्नाने अन्नद्रव्य कळते, दुसऱ्याने त्याची अवस्था कळते आणि तिसऱ्याने त्यातील काय टिकले असेल याचा अंदाज येतो. ही तीनही उत्तरे घरच्या बाईजवळ तिच्या बोलीतील शब्दांत तयार असतात. तिला ती वेगळी शिकवावी लागत नाहीत, अभ्यासकाने ती विचारावी लागतात.